काला नव्याने करायचा, म्हणजे नेमके काय बदलायचे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या तुमच्या गावचे नाट्यमंडळ दरवर्षी जत्रेला एक नाटक करते. यंदा तरुण मंडळींनी तीन प्रयोगांचा बेत आखला आहे. जत्रेच्या रात्रीचा दशावतारी काला ‘नव्या रूपात’, पुढे स्पर्धेसाठी एक ऐतिहासिक नाटक, आणि शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या दिवसांत सत्तरी तालुक्यातल्या रणमाले या लोकनाट्याच्या बाजाचे एक नवे नाटक. ज्येष्ठ म्हणतात, काल्याला हात लावू नका. तरुण म्हणतात, आहे तसाच ठेवला तर मध्यरात्रीनंतर समोर रिकाम्या खुर्च्या उरतात. तुम्ही सचिव, त्यामुळे दोन्हीकडचे बोलणे तुम्हालाच ऐकावे लागते. काय बदलावे आणि काय बदलू नये, असे तुम्ही विचारले आहे.

मी फोंड्याकडचा. उत्सवी नाटकांत मला पस्तीसहून अधिक वर्षे झाली. आधी पडद्याच्या दोऱ्या ओढल्या, मग प्रॉम्प्टिंग केले, थोडी कामे केली आणि नंतर दिग्दर्शनात आलो. एवढ्या वर्षांत ‘जुने की नवे’ हा वाद मी बऱ्याच गावांत ऐकला, आणि तो या शब्दांत सुरू झाला की सहसा सुटत नाही. कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेले असतात. ज्याला हात लावायचा आहे तो विधी आहे की नाट्य, हा पहिला. आणि ते आहे कुणाचे, हा दुसरा. हे दोन वेगळे केले की तुमच्या ज्येष्ठांचे आणि तरुणांचे बरेचसे म्हणणे एकाच वेळी खरे ठरते.

काल्यापासून सुरुवात करू, कारण भांडणाचे मूळ तिथे आहे.

दशावतारी काल्याची रात्र म्हणजे एकसंध नाटक नव्हे. सुरुवातीला आडदशावतार: सूत्रधार, गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, भटजी आणि वेद पळवणारा संकासुर. मग आख्यान, म्हणजे पुराणातली एखादी कथा. तिला लिखित संहिता नसते. कुणी कधी प्रवेश करायचा, कुठे युद्ध, कुठे पद, एवढे ठरवून नट उभे राहतात आणि संवाद जागेवर रचतात. आणि पहाटे दहीकाला. हंडी फुटते, प्रसाद वाटला जातो, तेव्हा रात्र पुरी होते. यात गाऱ्हाणे, गणपतीचे पूजन आणि पहाटेची हंडी हा विधी आहे. ते कधी व्हायचे, कुणाच्या हातून व्हायचे, मान कुणाचा, हे देवस्थान ठरवते. नाट्यमंडळाने त्याबद्दल ठराव करायचा नसतो. आख्यान मात्र पूर्वीपासूनच नटांच्या ताब्यात आहे. आजच्या रात्रीचे आख्यान काल रात्रीसारखे होत नाही, तसे व्हावे अशी अपेक्षाही नसते. ज्या भागाचे संवाद रोज नवे जन्मतात, तो भाग बदलल्याने परंपरा मोडते असे कुणी म्हणू शकत नाही.

म्हणून ज्येष्ठांना “आम्ही काला बदलतो” असे सांगू नका. “गाऱ्हाणे, गणपती आणि दहीकाला आहे तिथेच राहील, आम्ही आख्यानावर काम करतो” असे सांगा. शब्द बदलले की काम निम्मे होते असे मी म्हणणार नाही. पण चुकीचे शब्द वापरले तर कामाला सुरुवातच होत नाही, हे मी पाहिले आहे. तुमच्या गावात अशा गोष्टींसाठी देवाला कौल लावायची पद्धत असेल तर कौल लावा. तो लावताना मनापासून लावा, आणि कौल विरुद्ध गेला तर थांबायची तयारी ठेवा. नुसता उपचार म्हणून लावलेला कौल गावाला लगेच कळतो.

आता आख्यानावर काम म्हणजे काय? इथे मी आमची एक चूक सांगतो, ती आडदशावतारातली असली तरी धडा तोच. साधारण वीस वर्षांपूर्वी आम्ही संकासुराचा प्रवेश ‘आधुनिक’ करायचे ठरवले. धूर, लाल-निळे फिरते दिवे, रेकॉर्ड केलेले गडगडाट. संकासुर रंगमंचाच्या मधोमध धुरातून उगवला. पुढच्या रांगेतली मुले शांत बसून बघत राहिली. एकही किंचाळले नाही. आम्हाला वाटले, मुलांना आवडले. नंतर गावच्या एका म्हाताऱ्या मृदंगियाने मला बाजूला घेतले आणि विचारले, “पोरां भियेलीं ना, मागीर संकासुर कित्याक?” पोरे घाबरलीच नाहीत, तर मग संकासुर कशाला?

त्याचे म्हणणे समजायला मला एक वर्ष लागले. संकासुराची सगळी ताकद तो कुठून येतो यात आहे. काळा वेष, डोक्यावरून ओढलेला काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ, हातात दांडा. तो अंधारातून, बघणाऱ्यांच्या मागून, कधी थेट त्यांच्यातून येतो, तेव्हा मुले आईच्या कुशीत शिरतात आणि दोन मिनिटांनी त्याच्याच विनोदांना हसतात. आम्ही त्याला दिव्यात आणून ठेवले आणि तो चित्र झाला. पुढच्या वर्षी फिरते दिवे काढले, उलट होते तेही मंद केले आणि तो खाज्याच्या दुकानांच्या बाजूने आला. तेव्हापासून काल्याला मुले पुढे बसायला पुन्हा धडपडू लागली. नवे काही करायचे असेल तर आधी जुन्यात काय चालते आणि का चालते ते शोधा, असे मी म्हणतो ते या अनुभवावरून. पुष्कळदा आपण जे नवे म्हणून आणतो त्याने जुन्यातली चालणारी गोष्टच झाकली जाते.

रिकाम्या खुर्च्यांचे कारणही मला तुमच्या तरुणांपेक्षा थोडे वेगळे दिसते. लोक कंटाळून उठतात हे काही अंशी खरे. पण पूर्वी जत्रेला आलेला माणूस परत जायला वाहन नसल्यामुळे पहाटेपर्यंत तिथेच राहायचा. आज प्रत्येकाकडे दुचाकी आहे आणि सकाळी नोकरी आहे. त्याचे घरी जाणे हा तुमच्या नाटकाचा अपमान नव्हे. शिवाय आवाजाचा नियम आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकते. म्हणजे रात्री साडेदहाला पडदा उघडून पहाटे पाचला पाडायचा, ही जुनी घडी लाउडस्पीकर लावून आता बसत नाही. त्या नियमात वाद्यांचाही उल्लेख आहे. तेव्हा माइक बंद केला म्हणजे सगळे मोकळे, असे गृहीत धरू नका. परवानगीच्या अर्जातच पूर्ण रात्रीचा क्रम स्पष्ट लिहा.

आम्ही काय करतो ते सांगतो. आमच्याकडे पालखी साडेआठच्या सुमारास परतते. ती परतल्याबरोबर आडदशावतार, पण आटोपशीर. आख्यान दीड तासाचे बांधतो आणि सवलत मिळाली तर बारापूर्वी संपवतो. मग मोकळा वेळ येतो. त्यात देवळाच्या सभामंडपात भजन, ज्याला बसायचे तो बसतो. पहाटे दहीकाला, नेहमीच्या वेळी. तुमच्याकडे पालखी अकराला परतत असेल तर हे जमणार नाही. तेव्हा आख्यान जत्रेच्या आदल्या संध्याकाळी करता येते का, हे देवस्थान समितीला विचारावे लागेल. इथे मी बाहेरून काही ठरवू शकत नाही. काला तुमच्या गावचे लोकच करतात की पेडण्याकडची किंवा सिंधुदुर्गातली दशावतारी मंडळी बोलावता, हेही तुम्ही लिहिलेले नाही. बाहेरची मंडळी येत असतील तर दीड तासाचे आख्यान हवे, हे सुपारी देतानाच सांगा. त्या नटांना ते सहज जमते, अडचण फक्त आयत्या वेळी सांगण्याने होते.

आता रणमाले. इथे मला तुमच्या बेताची जास्त काळजी वाटते.

तुम्हीच लिहिले आहे की तुमच्या गावात रणमाले नाही, ते सत्तरीत पाहिले आणि आवडले. रणमाले आवडण्यासारखेच आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग, ‘जत’ म्हणतात ती गीते, घुमट (मडक्याला कातडे ताणलेले वाद्य) आणि कासाळे (झांजा), आणि जतीच्या चालीवर पाय टाकत येणारी पात्रे. पण सत्तरीतल्या ज्या गावांत ते होते तिथे ते शिगम्याच्या, काही ठिकाणी चोरोत्सवाच्या विधीशी बांधलेले आहे आणि मांडावर होते. मांड म्हणजे गावाची विधीसाठी ठरलेली जागा, नुसती मोकळी जागा नव्हे. तिथे काय गायचे, कोणी गायचे, कोणत्या रात्री, याचे नियम त्या गावाचे असतात. तुमच्या गावाला साळ गावच्या होळीतल्या ‘गडे’ उत्सवाची उत्सुकता असणे वेगळे आणि तो तुमच्या अंगणात करून दाखवणे वेगळे. हे तुम्हाला पटत असेल, तर रणमाल्याचेही तसेच आहे.

याचा अर्थ रणमाल्यातून काही शिकूच नये असा नाही. आकार घ्या, विधी घेऊ नका. आकार म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगतो. एका प्रयोगात आम्ही रणमाल्याच्या धर्तीवर गाणारे घेतले, आणि शहरी सवयीने त्यांना विंगेत माइकसमोर बसवले. रंगमंच पात्रांसाठी ‘स्वच्छ’ ठेवला. प्रयोग पार कोरडा गेला. रणमाल्यात गाणारे डोळ्यांसमोर रांगेत उभे असतात. त्यांचा झोक, त्यांचा श्वास, एकमेकांकडे बघून पुढची ओळ उचलणे, यातून पात्राला पाऊल मिळते. पात्र त्यांच्यापासून निघते आणि त्यांच्याकडे परत जाते. गायकांना लपवले की उरते ते पार्श्वसंगीत. ही रचना, म्हणजे दिसणारा गायकांचा समूह आणि त्याच्यातून बाहेर येणारे पात्र, तुम्ही तुमच्या स्वतःच्या कथेसाठी, तुमच्या गावच्या चालींवर वापरू शकता. जती मात्र तशाच उचलू नका. त्या हव्या असतील तर सत्तरीतल्या त्या गावात जा, मांडावरच्या जाणत्यांना भेटा, त्यांचीच मंडळी तुमच्या प्रयोगाला गायला येतील का ते विचारा. आली तर त्यांना योग्य मानधन द्या आणि पत्रिकेत त्यांच्या गावाचे नाव ठळक घाला. नको म्हणाली तर ते मान्य करा आणि बेत बदला.

हे मी इतके जोर देऊन सांगतो, कारण आमच्या हातून एकदा उलटे झाले आहे. पौषातल्या धालोची काही गीते आम्ही एका नाटकात घेतली, ज्या बायकांच्या मांडावर ऐकली त्यांना न विचारता. धालो हा बायकांचा गीतनृत्याचा उत्सव. रात्रीमागून रात्र त्या मांडावर जमतात, शेवटच्या दिवसाला त्यांचे स्वतःचे विधी असतात, पुरुषांनी तिथे लुडबूड करायची नसते. आमच्या नाटकात ती गीते एका विनोदी प्रवेशाला जोडली होती. त्या मांडावरच्या दोन बायका प्रयोगाला आल्या होत्या. त्या भांडल्या नाहीत. नाटक संपल्यावर एवढेच म्हणाल्या, “हे तुम्ही आम्हाला विचारायला हवे होते.” पुढचे प्रयोग आम्ही तो प्रवेश काढून केले आणि त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ती गोष्ट अजून माझ्या मनाला लागून आहे.

तुमचे तरुण यावर म्हणतील, मग काहीच हलवायचे नाही का? त्यांना आपल्याच भूमीचा इतिहास दाखवा. 16व्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून नदी ओलांडून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. देवच हलले, तेव्हा उत्सवांच्या वाटा, पालखीचे थांबे, मानकऱ्यांच्या जागा हे सारे नव्याने बसवावे लागले असणार. कुंभारजुव्याचा सांगोड घ्या. होड्या एकमेकींना बांधून त्यावर गणपती आणि पौराणिक वेषातली पात्रे, काठावर हजारो माणसे. रंगमंच पाण्यावर नेण्याची ही कल्पना कुणा दिग्दर्शकाने शहरात बसून काढलेली नाही. आपल्या परंपरांमध्ये धाडस पुष्कळ आहे. ते धाडस त्या गावाने स्वतःच्या गरजेतून केले, म्हणून टिकले.

उलट बाजूला नरकासुर. दिवाळीच्या पहाटेपूर्वी वाड्यावाड्यावर जाळायचा गवताचा नरकासुर स्पर्धांच्या बक्षिसांमागे वाढत गेला. मी त्या तरुणांच्या कारागिरीला कमी लेखत नाही, सांगाड्याची, मुखवट्याची त्यांची मेहनत थक्क करणारी असते. पण रात्रभर कर्कश आवाज आणि उंचीची चढाओढ यात कृष्ण कोपऱ्यात राहिला. ज्याला बक्षीस द्याल ते वाढते. तुमच्या मंडळानेही शिगम्याचा प्रयोग चित्ररथ मिरवणुकीसाठी किंवा बक्षिसासाठी करायचा की गावासाठी, हे आधी ठरवावे. दोन्ही करता येते, पण एकाच प्रयोगाने नाही.

तोच मुद्दा तुमच्या ऐतिहासिक नाटकाला लागू होतो, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. स्पर्धेचे नाटक आणि जत्रेचे नाटक वेगळे असते. कला अकादमीच्या स्पर्धेत बंद नाट्यगृह, ठरलेला वेळ, शांत प्रेक्षक. कुजबूजही पोचते. जत्रेत मागे पाळणा फिरतो, भज्यांच्या कढया तापलेल्या असतात, माणूस अर्धे नाटक उभ्याने बघतो. स्पर्धेसाठी बसवलेले सूक्ष्म काम तिथे हरवते, आणि जत्रेसाठी मोठ्याने बोलणारा नट स्पर्धेत खटकतो. दोन्हीकडे तेच नाटक न्यायचे असेल तर निदान आठ-दहा तालमी वेगळ्या धरा.

आणि लेखकाची परवानगी. गावोगावी ही गोष्ट अजूनही सहज सोडून दिली जाते, ते मला मनापासून खटकते. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क राहतात. कृ. प्र. खाडिलकर 1948 साली गेले, त्यांची नाटके 2009 पासून मोकळी आहेत. वसंत कानेटकर 2000 साली गेले, त्यांच्या नाटकांसाठी 2060 अखेरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. पत्र पाठवा, मानधन द्या, पावती जपून ठेवा.

स्त्री भूमिकांबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत विचारले आहे. आख्यानात पुरुषाने स्त्रीवेष करणे ही स्वतंत्र कला आहे, ती करणारा चांगला नट तुमच्याकडे असेल तर त्याला काढू नका. ऐतिहासिक नाटकासाठी मात्र बाहेरून नाईट (एका प्रयोगाचे मानधन) देऊन अभिनेत्री आणण्याआधी गावातल्या मुलींना विचारा. त्या पणजीला कॉलेजात एकांकिका करतात आणि गावात आल्यावर प्रेक्षकांत बसतात, असे बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यांना परवानगी का मिळत नाही हे आईवडिलांकडे जाऊन बोला. तालमीची वेळ संध्याकाळी सातची केली आणि मुलींना घरी पोचवायची जबाबदारी मंडळाने घेतली, एवढ्यावर आमच्याकडे तीन घरांनी होकार दिला.

आता वेळापत्रक, कारण तिन्ही प्रयोग एका हंगामात म्हणजे माणसे दमणार. सण पंचांगाने चालतात, नाट्यगृहाचे आरक्षण तारखेने. दरवर्षी सण साधारण 11 दिवस अलीकडे येतात आणि अधिक मास आला की मागच्या वर्षापेक्षा जवळजवळ 19 दिवस पुढे जातात. मागच्या वर्षीच्या तारखा बघून फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर किंवा साखळीचे रवींद्र भवन आरक्षित करू नका, पंचांग पुढे घेऊन बसा. वाचन पावसातच सुरू करा. नाटकाचे पहिले पूर्ण वाचन चवथीच्या दिवसांत ठेवा, तेव्हा मुंबई-पुण्याला असलेली मंडळीही घरी असतात आणि घुमट आरत्यांमुळे गळे तयार असतात. घुमटाबद्दल एक सूचना: 2019 साली ते गोव्याचे वारसा वाद्य जाहीर झाले. घोरपडीच्या कातड्याला बंदी आहे, बकरीचे वापरतात. ते दमट हवेत सैल पडते आणि कोरड्या हवेत ताणते, म्हणून वातानुकूलित नाट्यगृहात न्यायचे असेल तर रंगीत तालीमही तिथेच करून स्वर बघा.

माझ्या अंदाजाने यंदा काला आणि ऐतिहासिक नाटक एवढेच करा. शिगम्याच्या वेळी नाटक न करता सत्तरीतल्या एका गावाला रणमाले बघायला तुमची आठ-दहा मुले पाठवा, आयोजकांना आधी कळवून, मोबाइल खिशात ठेवून. ती रात्रभर मांडाच्या कडेला बसू देत. परत आल्यावर त्यांनी काय पाहिले ते तुमच्या त्याच ज्येष्ठांसमोर सांगू देत, ज्यांनी काल्याला हात लावू नका म्हटले आहे. त्या बैठकीत काय ठरते ते मला जरूर कळवा. पुढच्या वर्षीच्या नाटकाच्या पहिल्या वाचनाला बोलावलेत तर मी येईन.